वरून आलेली खुर्ची

(अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर. बोलणं होतं तसंच ठेवलंय, फक्त मधला गलका काढलाय.)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'वकील, राजदूत, मंत्री'. लिहिणाऱ्याने नाव काही लिहिलं नाही, म्हणून मी सांगतो. पॅट्रिशिया रॉबर्ट्स हॅरिस. कुणी ऐकलंय? हात वर करा. एकही नाही. अँजेला डेव्हिस सगळ्यांना ठाऊक, ह्यूई न्यूटन ठाऊक, माल्कम एक्सचं चित्र तर ह्याच खोलीत मागच्या भिंतीवर डकवलंय. साहजिक आहे. १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर निघाली आणि तिचं वाचून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं. तेव्हापासून अमेरिकेतला काळा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळं जाकीट, तिरपी टोपी आणि हातात बंदूक. पण काखेत फाइल मारून सरकारच्या दारातून आत शिरलेली माणसंही त्या लढाईत होती. त्यांची पोस्टरं निघत नाहीत, एवढंच.

मला आज अशा एका फाइलवाल्या बाईबद्दल बोलायचंय, कारण आपल्या वस्तीत रोज एक भांडण चालू असतं. कुणी कलेक्टर झाला, कुणाला तिकीट मिळालं, चळवळीतला एखादा महामंडळावर गेला, की अर्धी चाळ म्हणते आपला माणूस वर गेला आणि अर्धी म्हणते विकला गेला साला. दोन्हीकडचा निकाल दोन मिनिटांत लागतो. मी धंद्याने वकील. निकाल दोन मिनिटांत लागला की मला संशय येतो. तेव्हा एक खटला नीट कागद लावून तपासू या.

जन्म ३१ मे १९२४. इलिनॉय राज्यातलं मॅटून नावाचं रेल्वेचं गाव. बाप आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात वेटर. नुसतं वेटर म्हणून सोडून देऊ नका. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांतून प्रवाशांचे बिछाने घालणारे, बूट पुसणारे सगळे पोर्टर काळे. कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून गोरे प्रवासी कुठल्याही पोर्टरला 'जॉर्ज' अशीच हाक मारायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव गाडीत चढताना फलाटावरच ठेवून यायचं. आपल्या आज्यांना गावात कशा हाका मारायचे ते तुम्ही घरात ऐकलंच असेल, मी वेगळं सांगत नाही. तरी काळ्यांच्यात रेल्वेची नोकरी मानाची. पगार नियमित, शिवाय काळ्यांची वर्तमानपत्रं उत्तरेतून दक्षिणेत पोचायची ती ह्या पोर्टरांच्या हातून. बाप पुढे घर सोडून गेला, आईने वाढवलं. पोरगी हुशार निघाली. शिष्यवृत्ती मिळवून ती वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात आली. हार्वर्ड नव्हे हां, हॉवर्ड. नावात एका अक्षराचा फरक, बाकी जमीन-अस्मानाचा. हे १८६७ सालचं, गुलामगिरी संपल्यावर काळ्यांच्या शिक्षणासाठी उघडलेलं.

आता १९४३. युद्ध चालू. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढायला निघालेल्या अमेरिकेच्या फौजेत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या. आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये, काळ्यांच्याच वस्तीत, लिटल पॅलेस नावाचं एक खाणावळीवजा कॅफेटेरिया, तिथं फक्त गोऱ्यांना जेवण मिळायचं. वस्ती आपली, गल्ला त्याचा, आणि ताट मागितलं की बाहेर हो. हॉवर्डच्या पोरापोरींनी एप्रिलमध्ये तिथं मोर्चा लावला. त्यात पुढे कायद्याची विद्यार्थिनी पॉली मरे होती. पद्धत साधी. तीन-तीन, चार-चारच्या टोळीने आत जायचं, जेवण मागायचं. नाही म्हणाले की रिकामा ट्रे उचलून टेबलाशी बसायचं, पुस्तक उघडायचं आणि वाचत राहायचं. आवाज नाही, शिवी नाही. मागनं पुढची टोळी. टेबलं भरली, धंदा बसला, बाहेर फलक घेऊन पोरं उभी. थोड्याच दिवसांत मालकाने दार उघडलं. उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचं जे धरणं इतिहासाच्या पुस्तकांत गाजतं ते १ फेब्रुवारी १९६० चं. ही पोरं त्याच्या १७ वर्षं आधीची, आणि रिकामा ट्रे घेऊन बसलेल्यांत अठरा वर्षांची पॅट्रिशिया रॉबर्ट्स होती. महाडच्या तळ्याचं १९२७ साल इथं कुणाला समजावून सांगायला नको. तिथं पाणी, इथं ताट.

तर पहिला कागद हा. बाई सरकारी दारातून आत शिरल्या त्याच्या खूप आधी रस्त्यावर होत्या. 'हिला चळवळ काय माहीत' असं म्हणणाऱ्याने हा कागद आधी वाचावा.

१९४५ साली त्या पदवीधर झाल्या, अगदी वरच्या श्रेणीत. मग शिकागोत आणि वॉशिंग्टनमध्ये संस्थांची कामं. १९५५ साली लग्न, नवरा विल्यम बीझली हॅरिस, वकील. ह्या नवऱ्याने बायकोच्या मागे लागून तिला कायदा शिकायला लावलं. बायकोने शिकावं म्हणून मागे लागणारे नवरे आपल्या चळवळीत किती निघतील? मंचावरनं स्त्रीमुक्ती बोलणारे पुष्कळ निघतील, ते मी धरत नाही. तिशी उलटल्यावर त्या परत वर्गात बसल्या, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात. थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत तिथं काळ्यांना प्रवेश नव्हता. १९६० साली ९४ जणांच्या वर्गात पहिल्या आल्या. वय ३६.

कायदाच का, हे समजायला हॉवर्डचंच एक नाव घ्यावं लागतं, चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. १९३० च्या आसपास ह्या माणसाने हॉवर्डची कायद्याची शाळा तासून धारदार केली. विद्यार्थ्यांना सांगायचा की वकील एकतर समाज बांधणारा कारागीर असतो, नाही तर समाजावर जगणारं बांडगूळ. मधला प्रकार नाही. त्याचा विद्यार्थी थर्गुड मार्शल. दोघांनी मिळून काय केलं? 'वेगळं पण समान' ह्या तत्त्वावर एकदम घाव घातला नाही. आधी विद्यापीठांना गाठलं. काळ्यांना वेगळं ठेवता ना, मग त्यांच्यासाठी तितकंच चांगलं कायद्याचं कॉलेज काढून दाखवा. राज्यांना ते परवडेना. १९३६ साली मेरीलँड विद्यापीठाचं दार असं उघडलं, आणि असं एकेक दार उघडत १९५४ साली सुप्रीम कोर्टाकडून शाळांतला भेद घटनाबाह्य ठरवून घेतला. जवळपास वीस वर्षांची चिकाटी. आपल्याला वीस महिन्यांत क्रांती हवी असते, आणि एकविसाव्या महिन्यात गट फुटतो.

हॅरिसबाई ह्या परंपरेतल्या. पहिलं एक वर्ष न्याय खात्यात, मग हॉवर्डमध्येच शिकवणं.

आता १९६४ वर थोडं थांबू. अटलांटिक सिटी, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मिसिसिपीतून दोन शिष्टमंडळं आली होती. एक अधिकृत, सगळं गोरं. दुसरं फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीचं, काळ्या शेतमजुरांचं. त्यातली फॅनी लू हेमर, कापसाच्या मळ्यात राबलेली बाई, मतदार नोंदणीच्या कामापायी जेलात बेदम मार खाल्लेली. २२ ऑगस्टला ती पक्षाच्या प्रतिनिधी-छाननी समितीपुढे बोलायला बसली. काय काय सोसलं ते तिने सांगितलं. टीव्हीवर देश बघत होता. तेव्हा अध्यक्ष जॉन्सनने घाईघाईने स्वतःची पत्रकार परिषद लावली, कॅमेरे तिच्यावरनं हलावेत म्हणून. शेवटी तडजोड काय, तर ६८ जणांच्या शिष्टमंडळाला दोन जागा. हेमरबाईने त्या तोंडावर फेकल्या. दोन जागांसाठी एवढ्या लांब आलो नाही म्हणाली.

त्याच अधिवेशनात जॉन्सनच्या उमेदवारीला अनुमोदन द्यायला मंचावर उभ्या होत्या पॅट्रिशिया हॅरिस.

मी शिवी देत नाहीये. दोन बायका दाखवतोय. दोघी काळ्या, दोघी लढलेल्या. एक समितीपुढे फिर्याद घेऊन बसलेली, दुसरी अध्यक्षाच्या बाजूने मंचावर. आणि पुढचा कागद बघा. १९७२ साली त्याच पक्षाच्या त्याच छाननी समितीच्या अध्यक्ष कोण? हॅरिसबाई. त्या वर्षी शिकागोचा महापौर रिचर्ड डेली, पक्षाचा भलाथोरला दादा, त्याचं शिष्टमंडळच बाहेर काढलं गेलं, कारण काळे, तरुण आणि बायका ह्यांना त्यात नियमाप्रमाणे जागा नव्हत्या. त्याच्या जागी बसलेल्यांत जेसी जॅक्सन होता. १९६४ ते १९७२ ह्या आठ वर्षांत नियम बदलले ते हेमरबाईसारख्यांनी दार धडकवलं म्हणून. बदललेला नियम कलमासकट वाचून अंमलात आणायला समितीच्या खुर्चीवर वकील लागला. ह्यातलं एक काढून टाका, दुसरं लंगडं होतं. हे मी पुढे पुन्हा बोलणार नाही, आत्ताच लिहून घ्या.

मधलं राजदूतपद. १९६५ साली जॉन्सनने त्यांना लक्झेंबर्गला पाठवलं. अमेरिकेच्या इतिहासातली पहिली काळी स्त्री राजदूत. देश केवढा? लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आत, मुंबईच्या एखाद्या वॉर्डात मावेल. तिथं फार काही करण्यासारखं नव्हतं आणि त्यांनी फार काही केलं असा दावा मी करत नाही. पण काळ्या माणसाला राजदूत करायचं तर लायबेरिया, हैती, असा जुना रिवाज होता. युरोपात काळी बाई अमेरिकेच्या वतीने हात मिळवते, हे चित्र अमेरिकेला हवं होतं. रशिया जगभर सांगत फिरत होता की हे स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे घरात काळ्यांना जेवायला देत नाहीत. आणि ते खोटं नव्हतं. आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांचे राजदूत न्यूयॉर्क-वॉशिंग्टन रस्त्यावर कॉफी प्यायला थांबले तर त्यांना हाकलायचे. १९६१ साली चाड देशाच्या राजदूताला असंच हाकललं.

आपल्या देशाचीही एक गोष्ट आहे त्यात. ऑगस्ट १९५५. भारताचे राजदूत गगनविहारी मेहता टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरले. तिथल्या उपाहारगृहात त्यांना गोऱ्यांपासून वेगळं नेऊन बसवलं, काळे समजून. परराष्ट्रमंत्री डलेसला माफी मागावी लागली. दिल्लीला राग आला, यायलाच हवा. पण त्याच १९५५ च्या १ जूनला आपल्याकडे अस्पृश्यता (गुन्हे) कायदा लागू झाला होता. गावोगावच्या हॉटेलांत वेगळ्या कपबशा होत्या म्हणूनच तो करावा लागला ना? ह्यूस्टनच्या एका टेबलावरून बोंब मारणाऱ्यांनी घराजवळच्या कपबशा मोजल्या असत्या तर बरं झालं असतं.

नेमणूक झाली तेव्हा बाई काय म्हणाल्या ते मला आवडतं. म्हणाल्या, अभिमान वाटतो, पण थोडं वाईटही वाटतं, कारण 'पहिली' म्हणजे आजवर आमचा कुणी विचारच केला नव्हता. आपल्याकडे 'पहिला दलित अमुक' म्हणून हारतुरे चालतात तेव्हा हे कुणी बोलत नाही.

१९६९. हा कागद त्यांच्या विरुद्ध जाणारा आहे. हॉवर्डच्या कायद्याच्या शाळेच्या त्या डीन झाल्या. तोवर कुठलीही काळी स्त्री कायद्याच्या शाळेची डीन झाली नव्हती. आणि समोर विद्यार्थ्यांचं आंदोलन. किंग मारला गेलेला, शहरं पेटून विझलेली, पोरं तापलेली. बाईंनी कडक भूमिका घेतली. विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स नॅब्रिट, ते स्वतः नावाजलेले वकील, त्यांनी तिला पाठिंबा दिला नाही. बाईंनी राजीनामा दिला. डीनपद महिनाभरात संपलं.

१९४३ साली रिकामा ट्रे घेऊन बसलेली पोरगी २६ वर्षांनी आतल्या खुर्चीत होती, आणि बाहेर बसलेली पोरं तिच्याविरुद्ध. कुणी म्हणेल वय वाढलं, कुणी म्हणेल वर्ग बदलला. मला वाटतं त्यांचा कायद्यावर इतका विश्वास बसला होता, की आपल्याच पोरांना कायद्याबाहेर का बसावं लागतं हे त्यांना त्या घडीला दिसलं नाही. अशी माणसं आपल्यातही आहेत. कधी काळी मोर्च्यात होती आणि आता मोर्चा आला की शिपायाला सांगतात गेट लाव.

नंतर त्या मोठ्या वकिली कंपनीत भागीदार झाल्या. १९७१ पासून आयबीएमच्या संचालक मंडळावर, चेस मॅनहॅटन बँकेच्या मंडळावर. पुन्हा 'पहिली काळी बाई' वगैरे. हीच चेस बँक, जिच्या न्यूयॉर्कच्या कचेरीवर मार्च १९६५ मध्ये विद्यार्थ्यांनी धरणं धरलं होतं, कारण ती दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारला कर्ज देत होती. त्या मंडळाच्या टेबलाशी काळी बाई बसली म्हणून सोवेटोतल्या माणसाचा पास फाटला का? नाही फाटला. त्या टेबलाशी तुम्हाला बोलावतात ते तुमचं ऐकायला, की टेबल चांगलं दिसावं म्हणून? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

आता जानेवारी १९७७. जिमी कार्टर निवडून आला. हॅरिसबाईंना गृहनिर्माण आणि शहर-विकास खात्याच्या मंत्री नेमलं. तिथं मंत्र्याला आधी सिनेटपुढे उलटतपासणी द्यावी लागते. समितीचा अध्यक्ष विल्यम प्रॉक्समायर, तसा सुधारकी गोरा. त्याने विचारलं, तुम्ही बड्या कंपन्यांत वावरता, गरिबांचं दुःख तुम्हाला कळेल का?

प्रश्न बघा. प्रश्न चुकीचा नाही, मी आत्ता तोच विचारत होतो. पण विचारतोय कोण? अशाच कंपन्यांतून गोरे वकील मंत्री होत आले, त्यांची बापजाद्यांची गरिबी कुणी तपासली होती? बाईंनी उत्तर दिलं ते तिथल्या काळ्यांना तोंडपाठ झालं. आशय असा: सिनेटर, मी त्यांच्यातलीच एक आहे. मी कोण आहे हे तुम्हाला कळलेलं दिसत नाही. मी काळी बाई आहे, रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या वेटरची पोरगी. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ह्याच राजधानीच्या काही भागांत मला घर विकत मिळत नव्हतं. मी हे विसरले असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही चुकताय.

आठ वर्षांपूर्वी म्हणजे १९६९. म्हणजे राजदूत होऊन परत आलेल्या बाईला. पद काय पुसतं आणि काय पुसत नाही, ते ह्यात आलं. आपले वरिष्ठ अधिकारी शहरात भाड्याचं घर शोधायला निघतात तेव्हा घरमालक आडनाव विचारतो, ते काय वेगळं आहे?

मंत्री म्हणून काम काय केलं? तिथली भानगड थोडी समजून घ्या. १९३० नंतर घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली, पण काळ्यांच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रंग मारून ठेवला. लाल भागात कर्ज नाही. कर्ज नाही म्हणजे दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणजे पडझड. मग १९४९ च्या कायद्याने तीच पडकी वस्ती 'बकाल' ठरवून बुलडोझर. शहर-सुधारणा म्हणजे काळे हटाव, असं काळेच कडवटपणे म्हणायचे. झोपडपट्टी हटावचा अर्थ मुंबईच्या पोरांना मी शिकवायला नको. हॅरिसबाईंनी भर दिला तो पाडण्यापेक्षा असलेल्या वस्त्या सावरण्यावर. १९७७ च्या कायद्याने बुडत्या शहरांना गुंतवणुकीसाठी वर्षाला ४० कोटी डॉलरचं अनुदान सुरू झालं, ते राबवलं त्यांच्या खात्याने. ५ ऑक्टोबर १९७७ ला कार्टर न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये शार्लट स्ट्रीटच्या ढिगाऱ्यांतून चालला, तेव्हा बाई बरोबर होत्या. जळलेल्या इमारती, विटांचे ढीग. फोटो जगभर छापून आला. घरं उभी राहायला मात्र १९८० नंतरचं दशक उजाडलं. अनुदानातला बराच पैसा हॉटेलं नि बाजारसंकुलं ह्यांच्याकडेही गेला. अमुक नोकऱ्या देतो म्हणायचे आणि पैसा घ्यायचे. तरी मागच्या अनेक मंत्र्यांपेक्षा ह्या बाईला लाल रेषेची आतली बाजू माहीत होती, आणि तिने ती फाइलीवर आणली.

जुलै १९७९ मध्ये कार्टरने सगळ्या मंत्र्यांचे राजीनामे मागितले. काहींना घालवलं, बाईंना आरोग्य-शिक्षण-कल्याण हे सगळ्यात अवाढव्य खातं दिलं. नोव्हेंबर १९८० मध्ये कार्टर पडला. जानेवारीत बाई घरी.

आणि त्यांच्या पहिल्या खात्यात, गृहनिर्माणात, त्याच खुर्चीत रेगनने कुणाला बसवलं? सॅम्युएल पीअर्स. तोही काळा. तोही वकील, हुशार. आठ वर्षं मंत्री. त्या आठ वर्षांत गरिबांच्या घरांच्या पैशावर जबर कात्री चालली, आणि १९८९ साली बाहेर आलं की उरलेला पैसा वशिल्याच्या कंत्राटदारांना वाटला गेला. पीअर्सवर खटला झाला नाही, पण हाताखालचे कित्येक दोषी ठरले. रेगनला तर हा आपला मंत्री आहे हेही ध्यानात नव्हतं. १९८१ साली एका समारंभात त्याने त्याला 'मेयरसाहेब' म्हणून हात मिळवला. मंत्रिमंडळातला एकुलता एक काळा, आणि तोही ओळखू आला नाही. खुर्ची तीच, कातडी तीच, कामात एवढा फरक. म्हणून 'आपला माणूस बसला' एवढ्यावर पेढे वाटू नका.

आता ह्या बाईंच्या सगळ्या पदांची यादी मनात परत लावा. डीन, राजदूत, संचालक, मंत्री. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नेमलं. एकदाही लोकांनी निवडलं नाही. १९८२ साली त्यांनी पहिल्यांदा मत मागितलं, वॉशिंग्टनच्या महापौरपदासाठी. त्या शहराचीही गंमत आहे. काळ्यांची बहुसंख्या, १९८० च्या जनगणनेत ७० टक्के, पण महापौर निवडायचा हक्क मिळाला थेट १९७४ साली. तोवर शहरावर वरून माणूस नेमायचे.

समोर मॅरियन बॅरी, चालू महापौर. मिसिसिपीतल्या कुळवाड्याचा पोरगा, १९६० साली विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती निघाली तिचा पहिला अध्यक्ष. नंतर वॉशिंग्टनच्या बेकार पोरांना गोळा करून गल्ल्या साफ करायच्या कामाला लावणारा. महापौर झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातल्या पोरांना पगारी काम देणारा. कितीक घरांत आयुष्यातला पहिला पगार बॅरीमुळे आला. बाईंकडे काय होतं? शिक्षण, मंत्रिपदाचा अनुभव, स्वच्छ हात. कारभारावर त्या जे बोलत होत्या त्यात तथ्य होतं. पैसेवाल्या गोऱ्या भागात त्यांचा जोर. सप्टेंबरात पक्षांतर्गत निवडणूक झाली. बॅरीला ५८-५९ टक्के, बाईंना ३५-३६. गरीब काळ्या वस्त्यांनी वेटरच्या पोरीला नाकारलं.

लोकांना अक्कल नव्हती असं म्हणणारे तिथंही निघाले, आणि १९९० च्या जानेवारीत बॅरी कोकेनच्या भानगडीत हॉटेलच्या खोलीत पकडला गेला तेव्हा त्यांना जोरच आला. पण तोच बॅरी शिक्षा भोगून १९९५ साली पुन्हा महापौर झाला. वस्ती आंधळी नव्हती. आपल्या दारात कोण उभा राहतो ह्याचा तिचा हिशोब वेगळा होता. हॅरिसबाईंनी सिनेटला ठणकावलं की मी त्यांच्यातलीच. सिनेटला ते पटलं. ज्यांच्यातल्या म्हणून त्यांनी सांगितलं, त्यांच्या जिन्यावर मात्र त्या वीस वर्षांत किती वेळा चढल्या? हा प्रश्न त्यांना सिनेटमध्ये कुणी विचारला नव्हता. मतपेटीने विचारला.

चहाच्या वेळी एकाने मला गाठून विचारलं, मग वकीलसाहेब, तुम्ही कुणाला मत दिलं असतं? सांगतो. १९८२ साली मी त्या शहरात असतो तर मत बॅरीला. आणि घरांचं खातं कुणाच्या हाती द्यायचं असं विचारलं असतं तर हॅरिसबाईंच्या. पोरं हसतायत, पण मी गंमत करत नाहीये. आपल्यातले पाचसहा जण दरवर्षी कायद्याला जातात. एकदा सनद मिळाली की त्यांचं तोंड वस्तीत दिसत नाही, आणि जे वस्तीत रोज दिसतात त्यांच्यातल्या एकालाही सरकारी ठराव शेवटच्या कलमापर्यंत वाचता येत नाही. परवा पुनर्वसनाच्या नोटिसा आल्या. त्यावर हरकत घ्यायची मुदत ३० दिवसांची होती, हे आपल्याला एकतिसाव्या दिवशी कळलं. त्याचं काय करायचं ते ठरवा. दर रविवारी दोन तास मी इथं बसायला तयार आहे, नोटिसा घेऊन या.

बाईंचं पुढचं थोडक्यात. १९८३ पासून त्या पुन्हा कायदा शिकवू लागल्या, ज्या विद्यापीठात स्वतः शिकल्या तिथंच. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवरा गेला. २३ मार्च १९८५ ला त्या स्वतः कॅन्सरने गेल्या, साठाव्या वर्षी. २००० साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

आता विचारा काय विचारायचं ते. मागच्या बाकावरचे आधी.